जिभेची प्रगती

सोलापूर,
२ जुलै २०२४

ती. प्रभाताईस,
वेणूचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर ओरडणं जमत नाही, त्यामुळे टपाल खात्याची शेवटची दोन गिऱ्हाइकं आपणच उरलो आहोत. परवा पोस्टमन म्हणाला, की आजोबा, निस्तं तुमच्यापायी ह्या गल्लीत यावं लागतंय की. मी त्याला चहा पाजला आणि गप्प केला.

मुख्य बातमी अशी, की मी पुन्हा तंबाखू बदलली. हसू नकोस. तुला आठवत असेल, कॉलेजात लागलो तेव्हा मी पाइपमध्ये चेरीच्या वासाची तंबाखू भरायचो. इतिहासाच्या नव्या प्राध्यापकाला पाइप शोभतो असं मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच वाटलं होतं. आप्पा म्हणाले होते, की या वाकड्या चिलमीनं तू विद्वान दिसत नाहीस, नुसता दात दुखत असल्यासारखा दिसतोस. पुढे चेरी पोरकट वाटायला लागली म्हणून व्हॅनिलावर आलो. मग वास लावलेली तंबाखू म्हणजे पावडर लावलेला पहिलवान, असं माझं मत झालं आणि साधी पिवळी व्हर्जिनिया धरली. रिटायर झाल्यावर गडद बर्ली. आता आमच्या चिरंजीवानं, सुबोधनं, जर्मनीहून लाकडाच्या धुरावर वाळवलेली काळीकुट्ट पानं पाठवली आहेत. तुझी भावजय सुकन्या म्हणते, की कुणीतरी थेट स्मशानातून येऊन घरात बसल्यासारखं वाटतं. मला मात्र त्या पानांत चामडं, सुकं अंजीर आणि जुन्या देवळाचा गाभारा सापडतो. माणसाची जीभ वयाबरोबर प्रौढ होत जाते, असा माझा सिद्धान्त आहे. त्यावर ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यानही दिलं. सातजण होते. त्यातले दोघं झोपले होते, पण ते मी सुरू करायच्या आधीपासून.

प्रौढ जिभेचा एकच तोटा, बाकीचं जग फिकं लागतं. यंदाचा आंबा म्हणजे ओला कापूस. मिरचीत मिरची उरली नाही. आपल्या सोलापूरची शेंगाचटणी, पण बाजारात मिळते ती नुसता भुगा. सगळं खतांनी बिघडवलं. तेव्हा तुझ्याकडची उखळात कुटलेली, लसूण हात सोडून घातलेली चटणी पाठव. जिभेच्या डाव्या कडेला अलीकडे जरा आग होते, पण पाइपवाल्यांना ती व्हायचीच. मी तिला पदक समजतो.

चटणीची वाट पाहतो आहे. लोभ आहे तो डब्याच्या आकारावरून कळेलच.

तुझा,
वेणू


अकलूज,
१९ जुलै २०२४

चि. वेणूस,
प्रभाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं व्याख्यान मला घरबसल्या मिळालं. जागी राहून वाचलं, याची नोंद घे.

काय रे, आंब्यांना का नावं ठेवतोस? आमच्या दारातला केशर या वर्षी असा घमघमत होता, की शेजारची दानम्मा कुंपणापाशी येऊन कन्नडमध्ये त्याचं कौतुक करून जायची आणि जाताना चार घेऊन जायची. तुझ्या घरी पाठवलेली पेटी त्याच झाडाची होती. तो ओला कापूस मीच पाठवला होता, बाळा.

चटणी कुटून झाली. लसूण किती घालायचा, असं सारजाबाईला सांगायला गेले, तर ती म्हणाली, की प्राध्यापक चटणी खात्यात का वाघ मारत्यात. तरी तुझ्या नावानं घातला आहे. उर्वीच्या दवाखान्यात दातांचं सामान घेऊन येणारा माणूस शनिवारी सोलापूरला परत जाईल, त्याच्याबरोबर डबा येतो आहे.

आता पदकाविषयी. ते वाक्य मी सुनेला वाचून दाखवलं. उर्वी एरवी तुझ्या पत्रांना हसते, पण या वेळी हसली नाही. किती दिवसांपासून आग होते, तिथं पांढरं काही दिसतं का, असं तिनं विचारलं. एकदा अकलूजला येऊन तिच्या खुर्चीत बस आणि तोंड उघड. आप्पांनी चुना-तंबाखूच्या तोंडाला सहा महिने कुणाला हात लावू दिला नाही. उघडलं तेव्हा उशीर झाला होता. हे तुला मी सांगायला नको.

सुकन्येला आशीर्वाद. माया आहे म्हणून बोलते, हे धरून चाल.

प्रभाताई


सोलापूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. प्रभाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या हाताला तोड नाही. डबा उघडला आणि लसणाचा असा काही भपका आला, की क्षणभर मी पाइप बाजूला ठेवला. यापलीकडे स्तुती मला येत नाही. भाकरीवर तेल, त्यावर चटणी, आणि प्रत्येक घासाला लसणाचा तो ठसका. माझ्या सिद्धान्ताला यानं पुष्टीच मिळाली. काळ्या पानांनी जीभ इतकी तल्लख झाली आहे, की लसूण कच्चा आहे की किंचित परतलेला, हेही मी सांगू शकतो. तुझा किंचित परतलेला होता.

अकलूजला यायचं पाहतो. सध्या संघात एका गृहस्थाला पाइप भरायचं शिकवतो आहे, त्याला अर्ध्यावर सोडणं बरं दिसणार नाही. शिवाय उर्वी गुणी मुलगी असली तरी दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडून दिलं, की त्यांना काहीतरी सापडतंच. ही इतिहासाच्या अभ्यासकाची शंका समज. आप्पा चुन्याबरोबर चघळायचे, मी धूर घेतो आणि सोडून देतो. दोन्हींत फरक आहे.

पदक तिथंच आहे. काळजी करू नये, माया मात्र अशीच करत राहावी.

तुझा तल्लख भाऊ,
वेणू


अकलूज,
११ ऑगस्ट २०२४

चि. वेणूस, आशीर्वाद.

त्या चटणीत लसूण नव्हता.

नीट वाच. मी चातुर्मास करते, कार्तिकी एकादशीपर्यंत माझ्या पानात कांदा-लसूण नसतो, हे तुला माहीत आहे. सारजाबाईनं दोन डबे भरले होते, एक तुझा आणि एक माझा बिनलसणाचा. तिच्याकडून झाकणं बदलली. मला हे कळलं ते शेजारणी जेवायला आल्या तेव्हा. पहिल्याच घासाला माझ्या तोंडात सबंध पाकळी आली आणि माझा चातुर्मास महिना व्हायच्या आत मोडला. सारजाबाई म्हणाली, की बाई, देवाला सांगा की, चूक माझ्या हातची हाय. मी देवाला तसं सांगितलं आणि तुला पत्र लिहायला बसणार, तोच तुझं आलं.

किंचित परतलेला लसूण वाचून मी इतकी हसले, की चष्मा पुसावा लागला. दानम्माला वाचून दाखवलं, तीही हसली. मग ती घरी गेली आणि मी एकटी बसले, तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं. वेणू, तुला आंबा लागत नाही, मिरची लागत नाही आणि नसलेला लसूण मात्र लागतो. तुझी जीभ प्रौढ वगैरे झालेली नाही. ती गेली आहे, आणि तिला शोधायला तू दर दोन-चार वर्षांनी आधीपेक्षा काळी तंबाखू आणतोस.

आप्पांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना चमच्यानं पाणी पाजलं आहे. ते डोळ्यांनी माफी मागायचे. तुला मी तसं पाजणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. येत्या रविवारी न आलास तर उर्वीला घेऊन मी येईन आणि तुझ्या संघात, त्या सातजणांसमोर, तुझं तोंड उघडीन.

रागावले आहे. तरी आशीर्वाद आहेतच, त्याला माझा इलाज नाही.

प्रभाताई


सोलापूर,
१५ ऑगस्ट २०२४

ती. प्रभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुकन्येला वाचून दाखवलं. तीही चातुर्मास करते. तिला वाटलं होतं, की नणदेनं आठवणीनं आपल्यासाठी बिनलसणाची पाठवली. म्हणजे एकाच पंगतीला बसून ती लसूण नाही म्हणून तुझे गुण गात होती आणि मी लसूण आहे म्हणून. आमचं लग्न इतकी वर्षं टिकलं ते अशा एकमतावर.

तरी मी लगेच शरण आलो नाही. म्हटलं, चटणी हा माझा विषय नव्हे, परीक्षा तंबाखूत व्हावी. कपाटात सुबोधनं वेळोवेळी पाठवलेले चार डबे आहेत, पार चेरीपासून काळ्या पानांपर्यंत. सुकन्येनं माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि तीनदा पाइप भरून दिला. पहिल्या खेपेला मी गाभारा ओळखला. दुसऱ्या खेपेला उन्हात वाळलेलं गवत आणि थोडा मध. तिसऱ्या खेपेला बर्ली, त्यावर पाच मिनिटं बोललो. टॉवेल सोडला तेव्हा तिच्या हातात एकच डबा होता. तिन्ही वेळा तिनं चेरी भरली होती. जिला पोरकट म्हणून मी तिशीत सोडली, तीच.

सुकन्या हसली नाही. ती टॉवेलची घडी घालत राहिली. तेव्हा मला कळलं, की आपण व्याख्यान कशावर देत होतो.

आरशात पाहिलं. डाव्या कडेला पांढरा चट्टा आहे, चुन्याचं बोट पुसल्यासारखा. ताई, मला भीती वाटते. इतकी साधी गोष्ट लिहायला मला अडुसष्ट वर्षं लागली. रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. सुकन्या बरोबर आहे, नाहीतर मी वाटेत टेंभुर्णीलाच उतरेन असं तिला वाटतं, आणि तिचं चुकत नाही.

संघातल्या त्या गृहस्थाला मी पाइप परत करायला लावला. माया असू दे, सध्या जरा जास्तच लागेल.

तुझा,
वेणू


अकलूज,
२ सप्टेंबर २०२४

चि. वेणूस, अनेक अनेक आशीर्वाद.

उर्वीनं तुला फोनवर सगळं सांगितलं आहे, तरी मला माझ्या हातानं लिहायचं आहे. जिभेचा जो तुकडा तिनं तपासणीला पाठवला होता, त्यात कॅन्सर नाही. मात्र पेशी बिघडायला लागल्या होत्या. आणखी एक-दोन वर्षं तू गाभारा शोधत बसला असतास, तर वेगळं पत्र लिहावं लागलं असतं. पाइप आजपासून बंद, एक झुरकाही नाही, आणि दर तीन महिन्यांनी तिच्या खुर्चीत बसायचं. चट्टा गेला नाही तर कापून काढावा लागेल, हेही तिनं सांगितलं आहे. तू ते सुकन्येला सांगितलंस की नाही, मला कळव.

अहवाल आला तेव्हा उर्वी अंगणात येऊन हातवारे करून मला सांगू लागली. मला काही ऐकू येईना. शेवटी तिनं माझे दोन्ही हात धरले आणि नाही अशी मान हलवली, तेव्हा समजलं. मी आत जाऊन तोंड धुतलं. त्या दिवशी इथं बासुंदी केली. तुझ्या वाटची सारजाबाईनं खाल्ली.

खुर्चीत बसायच्या आधी तू माझा पदर धरला होतास, तुला आठवतं का कोण जाणे. मी कुणाला सांगितलेलं नाही, हे तुलाच लिहिते आहे.

तब्येतीला जप. रागावणं संपलं, बाकी सगळं आहे तसंच आहे.

प्रभाताई


सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. प्रभाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा चातुर्मास मंगळवारी संपला, माझा आता जन्मभराचा आहे. उर्वीनं दिवाळीत पाहिलं ते तुला कळलंच असेल. चट्टा निम्म्यानं कमी झाला आहे आणि कात्री तूर्त लांबली आहे. सुकन्येला सगळं सांगितलं आहे. तिला ते आधीच माहीत होतं.

पाइप सोडल्याचे पहिले काही आठवडे मी कुणाशी धड बोललो नाही, त्यामुळे घरात शांतता होती असं सुकन्या म्हणते. मग एक दिवस नाक परत आलं. मला वाटलं होतं, आधी मोगरा, मग कॉफी, मग भिजलेली माती, असा थाटात येईल. आलं ते चौकातल्या गटारासकट. पाठोपाठ शेजाऱ्यांची फोडणी, रिक्षाचा धूर, माझे स्वतःचे बूट. चव अजून पुरती नाही, पण परवा मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं आणि मी मिरचीला मनातून नमस्कार केला.

नाक परत आलं त्याच दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत शिरलो आणि दारातच थबकलो. आत काहीतरी मेलं आहे का, असं सुकन्येला हाक मारून विचारलं. उंदीर असेल म्हणून पलंगाखाली वाकलोही. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, की काही मेलेलं नाही, ही तुमची खोली आहे, ती अशीच असते. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

ताई, सुकन्या कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर झोपते. माझ्या घोरण्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि लोक हसले की मीही हसायचो. बाहेर वारा चांगला लागतो, एवढंच ती म्हणायची.

मी पडदे काढले. धुतल्यावर बादलीतलं पाणी चहासारखं झालं. पुन्हा धुतले, पुन्हा चहा. गादी दिली, नवी आणली, भिंतींना रंग काढला, कपाटातली माझी पुस्तकं एकेक करून गच्चीवर उन्हात मांडली. पंधरा दिवस हेच करत होतो. गल्लीतल्या लोकांना वाटलं, की सुबोधचं लग्न ठरलं. पाइप आणि चारही डबे कचऱ्याच्या गाडीत स्वतः टाकले, आणि गाडीमागं दोन पावलं गेलो, हेही तुला खरंखरं सांगतो.

काल जेवणं झाल्यावर सुकन्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. पडदा हातात धरून तिनं नाकाशी नेला. मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं. ती निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत तिची उशी होती.

आणखी काय लिहू. तुझी माया आहे म्हणून मी आहे, ती राहू दे.

तुझा,
वेणू