मागच्या सीटवरचं वजन

सोमवार, ४ नोव्हेंबर

सकाळी साडेदहाच्या बसने पोचलो. मेहुणा स्टँडवर घ्यायला आला होता. सामान म्हणजे एक बॅग आणि हत्यारांची पेटी. पेटी उचलताना तो म्हणाला, भाऊजी, अख्खं घर भरून आणलंत की काय. मी म्हटलं, घर तिकडेच आहे, किल्ली तेवढी आणली. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

खोली गॅरेजच्या वर आहे, बाहेरून लोखंडी जिना. एक पलंग, टेबल, खुर्ची, गॅसची शेगडी. खिडकीतून रस्ता दिसतो आणि लांबवर कालव्याचा पूल. मेहुण्याच्या बायकोने फरशी पुसून, पाण्याचा जग झाकून ठेवला होता. जागा मनापासून आवडली.

खाली इंजिनची कामं मेहुणा बघतो. दुसरे मिस्त्री साठीचे आहेत. त्यांना सगळे पाना म्हणतात, कारण जेवायला बसतानाही त्यांच्या खिशात पाना असतो. ते म्हणाले, वायरिंगवाला आला हे फार बरं झालं. वायर आणि साप मला सारखेच, कुठला विषारी ते चावल्यावर कळतं. मी बावीस वर्षं हेच काम केलं आहे, तेव्हा हातांना काही नवं नाही.

ही जाऊन सात महिने झाले. मेहुणा हिचा धाकटा भाऊ. त्याने बोलावलं नसतं तर मी तिकडे भिंतीकडे बघत बसलो असतो. दिवसभरात काय झालं ते संध्याकाळी हिला सांगायची सवय होती. ती भागवायला ही वही घेतली आहे.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

तीन दिवसांत सहा गाड्या झाल्या. चार हॉर्न, दोन इंडिकेटर. दिव्याचं काम तसं सरळ असतं. आधी बल्ब बघायचा, मग होल्डर, मग स्विच, फ्यूज, अर्थिंग. टेस्ट लॅम्प लावून करंट येतो का बघत एकेक पायरी मागे जायचं. कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतं, नाहीतर सैल झालेलं.

दुपारी एक नर्सबाई आणि त्यांचा नवरा मोटारसायकल घेऊन आले. पुढचा दिवा मध्येच जातो. दोन गॅरेजं झाली, बल्ब बदलला, स्विच बदलला, फरक नाही. नवरा म्हणाला, मी एकटा असलो की दिवा लख्ख, ही मागे बसली की अंधार. आता तुम्हीच सांगा बिघाड कुणात आहे. नर्सबाई म्हणाल्या, यांना एक इंजेक्शन द्यायचं राहिलंय, ते मी घरी बघते, तुम्ही दिवा बघा. पाना इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बाईंना बाळंतपणं करायला आडबाजूच्या वस्त्यांवर अवेळी जावं लागतं, नवरा पोचवायला जातो. सध्या त्या रजेवर आहेत. शनिवारी, सोळा तारखेला सकाळी गाडी हवी. त्याच दिवशी कामावर हजर व्हायचं आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दुपारपर्यंत काही सापडलं नाही. सगळीकडे टेस्ट लॅम्प व्यवस्थित लागत होता. चार वाजता चहा पिताना नवऱ्याची थट्टा आठवली आणि मी कप खाली ठेवला.

पानांना मागच्या सीटवर बसवलं. दिवा गेला. उतरवलं. दिवा आला. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. मी एकटा पुढे बसलो तर काही होत नाही. म्हणजे सीटच्या मागच्या भागाखाली वायर चेपते आहे. वरचं आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. वजन आलं की तुकडे लांब होतात, वजन गेलं की टेकतात. पाना म्हणाले, म्हणजे नवरा बिचारा खरं बोलत होता, जगात असंही होतं.

दहा मिनिटांचं काम. पण सीटचा बोल्ट गंजला आहे. तेल सोडून ठेवलं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बोल्ट आजही सुटला नाही. बॅटरी नीट चार्ज होते का ते बघायला संध्याकाळी सहा वाजता कालव्याच्या रस्त्याने चक्कर मारली. अजून थोडा उजेड होता. पुलापुढच्या वळणावर दिवा गेला.

मी एकटाच होतो.

थांबलो, उतरलो, गाडी बाजूच्या स्टँडवर लावली. गाडीवर कोणी नव्हतं, तरी दिवा बंद. स्विच दाबून पाहिला, हँडल हलवून पाहिलं. दोनेक मिनिटं गेली असतील. मग मागच्या स्प्रिंगा करकरल्या, सीट दोन बोटं वर आली आणि दिवा लागला.

गाडी ढकलत परत आणली. मेहुण्याला सांगितलं, पेट्रोल संपलं.

रविवार, १० नोव्हेंबर

गॅरेज बंद. शटर आतून ओढून घेतलं आणि नीट तपासणी केली. मागच्या सीटवर चारचाकीच्या जुन्या बॅटऱ्या एकेक करून ठेवल्या. एक, दोन, तीन, दिवा चालू. चौथी ठेवली तेव्हा गेला. चारही ताणकाट्यावर तोलल्या. एकावन्न किलो भरल्या.

रस्त्याच्या धक्क्याने असं होत नाही. वाऱ्याने होत नाही. सीटवर पन्नासच्या आसपास वजन बसावंच लागतं.

हिचं वजन बावन्न होतं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

बोल्ट सुटला. सीट काढली. वायर सापडली, बोटाच्या पेराएवढी चेपलेली. जोडली नाही. सीट परत लावून टाकली.

का ते लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

ही माझ्या गाडीवरून पडल्याबरोबर मी थांबलो, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तसं झालं नाही. ही एका बाजूला पाय टाकून बसायची. मांडीवर पिशवी, दोन्ही हात पिशवीला. गाडी खड्ड्यात आदळली तेव्हा मी रजेबद्दल काहीतरी बोलत होतो. बोलतच राहिलो. उत्तर आलं नाही तेव्हा वाटलं, रुसली असेल. वळून बघितलं नाही. किलोमीटरभर रिकाम्या सीटशी बोलत गेलो.

परत आलो तेव्हा एका दुकानदाराने सांगितलं, बाईंना फारसं लागलं नव्हतं. त्या उठल्या होत्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून तुम्हाला हाका मारत होत्या. मागून टेम्पो आला.

त्या दिवशी मागची सीट रिकामी होती आणि मला कळलं नाही. या गाडीवर कळतं. वायर जोडली की कळणं संपलं.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सहा वाजता पुन्हा गेलो. त्याच वळणावर दिवा गेला. गाडी डावीकडे ओढू लागली, ही पाय टाकायची त्या बाजूला. हँडल किंचित उजवीकडे धरायची माझ्या हातांची जुनी सवय होती, ती आपोआप परत आली.

मान वळवली नाही. वळवली तर उतरून जाईल असं वाटलं. दिवसभराचं सगळं सांगितलं. पाना आणि त्यांचे साप सांगितले. परतताना पुलापाशी स्प्रिंगा वर आल्या, दिवा लागला.

सात महिन्यांनी पोटभर जेवलो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

काल गेलो. आजही. आज पुलापाशी उतरली नाही. गॅरेजपर्यंत दिवा बंद. आत लावली तरी बंद.

मेहुण्याने विचारलं, गाडी झाली का, परवा नर्सबाई येतील. झाली म्हणून सांगितलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही. तो बराच वेळ मागच्या सीटकडे बघत राहिला. मग म्हणाला, भाऊजी, हात धुऊन घ्या, जेवण थंड होतंय.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आज ओढ फार होती. दोन्ही हातांनी हँडल उजवीकडे दाबलं तरी गाडी डावीकडेच. डावीकडे कालवा. मी बोलत होतो, बोलणं बंद केलं. ओढ वाढली. पुढचं चाक काठाच्या दगडांवर गेलं — ब्रेक — गाडी आडवी. गुडघा फुटला. पाणी हातभर अंतरावर.

मागे कोणी पडलं का, ते बघितलं नाही. तसाच उठलो, गाडी उचलली, चालत निघालो. आजही नाही बघितलं.

उद्यापासून या सीटवर नर्सबाई बसणार. याच रस्त्याने, अंधारात.

घरी येऊन मेहुण्याला सगळं सांगितलं. किलोमीटर, टेम्पो, हाका. तो गुडघ्याला पट्टी बांधत होता. म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग मला इथे बोलावलंस कशाला. म्हणाला, मी कुठे बोलावलं भाऊजी, ताईच मागे लागली होती. तुम्ही यायच्या आधी महिनाभर, रोज. त्यांना बोलावून घे, त्यांना बोलावून घे.

पट्टीची गाठ मारून तो उठला.



शनिवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सहा. सीट काढली. वायर कापली, जोडली, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवली, चौकटीला बांधून बाजूला घेतली. दहा मिनिटं. चार बॅटऱ्या ठेवल्या. दिवा चालू. पाचवी, सहावी. चालू.

आता ही गाडी काही सांगणार नाही.

दहाला दोघं आले. नर्सबाई मागे बसल्या. दिवा लख्ख. नवरा म्हणाला, ही मागे असून उजेड, लग्नानंतर पहिल्यांदाच. बाईंनी पाठीत धपाटा घातला. गेले. वळणापर्यंत बघत राहिलो. बाईंच्या मागे, बाजूला, कोणी नव्हतं. गाडी सरळ चालली होती.

म्हणजे ही त्यांच्याबरोबर गेली नाही.

अकरा. वर आलो. खोलीत भरपूर ऊन. पलंगाच्या कडेला बसलो आहे, वही मांडीवर. एक बूट काढला. दुसऱ्याची गाठ आवळून बसली आहे.

गादी मागून खाली गेली. हळूहळू, कोणी बेतानं बसावं तशी. डावीकडे.

खाली मेहुण्याचं इंजिन चालू आहे. हाक मारली तर ऐकू जाणार नाही. मारणारही नाही —

हाका ही मारते आहे. मोठ्याने नाही. घसा बसलेला —

पुन्हा.

या वेळी वळणार. गाठ सुटली की वळतो. नख लागत नाही — लागलं. सुटली. दुसरा बूट काढला. पहिल्याच्या शेजारी नीट ठेवला. आता मान वळवतो आणि