पुन्हा बाजूला बसताना

अकोला

प्रिय साधना,

तुझ्या पियुषच्या लग्नानंतर माझा एक फोन नाही, म्हणून फुगून बसली असशील. बस. माझं बिऱ्हाड सध्या इथल्या दवाखान्यात आहे.

मागच्या महालक्ष्म्यांपासूनचं सांगते. पाळी जाऊन वर्षं लोटली होती, म्हणून आंबील आणि सोळा भाज्या माझ्याच हातच्या असायच्या. ऐन जेवणाच्या दिवशी अंगावरून गेलं. मी मुकाट्याने बाजूला बसले, सून रश्मीने स्वयंपाक ओढला. जाऊबाई म्हणाल्या, "या वयात तुले जवानी आली काय वं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. नंतर ते येतच राहिलं आणि मी बसतच राहिले. देवाला विटाळ होऊ नये, एवढीच काळजी केली.

या उन्हाळ्यात हिवरखेडला तपासणीचं शिबिर आलं. रश्मीने ओढूनच नेलं. पौर्णिमा नावाच्या नर्सने गर्भपिशवीच्या तोंडाला व्हिनेगर लावून फोटो काढला, तो कॉम्प्युटरने तपासला. पडद्यावर पांढऱ्या डागाभोवती लाल रेघ उमटली. मशीनला तिथे संशय येतोय, असं पोरगी म्हणाली. मशीन चुकत नाही काय, असं मी विचारलं. "चुकते कधी कधी, मावशी. म्हणून तं अकोल्याले जा, तुकडा तपासून घ्या."

चुकलं नव्हतं. कॅन्सर आहे. इतका पसरलाय की पिशवी काढूनही भागायचं नाही, म्हणून रेडिएशनचे शेक देतात. त्या मशीनचा मला फार राग आला. घरभर बायका असून जे कुणाला दिसलं नाही, ते त्याला एका फोटोत दिसलं. मला मरणाची भीती वाटते, साधना. रश्मीसमोर तोंड हसरं ठेवते, तुझ्यासमोर कशाला ठेवू?

फोनवर तू रडत बसली असतीस आणि खरं सांगायचं राहिलं असतं, म्हणून लिहायला घेतलं. पियुषच्या हळदीला तू मांडवाबाहेर खुर्ची टाकून बसली होतीस. पोटच्या पोराला हळदीचं बोटही लावलं नाहीस. मी ताट आणून दिलं, तर डोळे मिचकावून म्हणालीस, "पारू, मलेबी तुह्यासारखंच पुन्हा सुरू झालं वं." केवढ्या हसलो होतो आपण! बुधवारी पहिल्या गाडीने अमरावतीहून निघ. मी दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहते. तपासणीच्या खोलीत तुझा हात धरून मीच नेईन.

तुझीच,
पारू