फळी धरायला ये

दिग्रस,
राखी पौर्णिमेच्या आधीचा सोमवार

प्रिय सुनील,

यंदा राखी टपालाने पाठवू नकोस, म्हणालास. पोळा झाला की टेम्पो घेऊन मीच येतो, तुझं सामान भरतो आणि पुढच्या वर्षीपासून पुण्याला घरातच बांध, म्हणालास. तरी पाठवते आहे. एवढ्या वर्षांची सवय आहे, आणि पोस्टातल्या बाईंनी परवा विचारलंसुद्धा की यंदा भावाचं पाकीट दिसलं नाही. शिवाय फोनवर तुझ्याशी बोलायची सोय उरलेली नाही. मी काही सांगायला लागले की तू मध्येच विचारतोस, "बाई, ते राहू दे, तू दार लावलं का?" पत्राला असं मध्ये तोडता येत नाही. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच. झालं की ललिताला दे, नणंदेचे प्रताप वाचून तिला हसू येईल.

आधी राखी बघ. आपल्या याडीच्या जुन्या कांचळीवरची, तिच्या त्या लाल चोळीवरची, कवडी आणि दोन आरसे लावलेत; आईची आठवण म्हणून. मधलं पांढरं कापड कशाचं आहे ते ओळखून दाखव. नाहीच ओळखणार. ते तुझ्या बहिणीच्या गणवेशाच्या कपड्यातलं उरलेलं आहे. हो, माझ्याच. वय वर्षं चौपन्न, पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कमरेला पांढरा पट्टा. मी तायक्वांदो शिकते आहे. खाली बस, पाणी पी, मग पुढचं वाच.

त्याचं असं झालं. मागच्या दिवाळीनंतर त्या मोटरसायकलवाल्यांनी पर्स ओढली आणि मी पडले, मनगट मोडलं, तिथपर्यंत तुला सगळं ठाऊक आहे. पुढचं मी तुला धड सांगितलेलं नाही. प्लास्टर निघालं, हात चालू लागला, पण मी पार भित्री होऊन बसले होते. दिवस मावळायच्या आत शिवणाचं दुकान बंद. लग्नसराईची गिऱ्हाइकं दाराशी येऊन परत जायची. मागून गाडीचा आवाज आला की मी नालीच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. तू पुण्याला ये म्हणालास तेव्हा मी एकदा हो म्हणून गेले ते याच दिवसांत. तेव्हा खरंच वाटत होतं की आता इथे एकटीने राहणं आपल्याच्याने होणार नाही.

अशात दुकानात रुपाली आली. बाभुळगावच्या डोमाजी मास्तरांची मुलगी, इथे शाळेत खेळ शिकवते, तुझ्या लग्नाच्या वेळी ती जन्मलीसुद्धा नसेल. तिला तिच्या तायक्वांदोच्या वर्गातल्या मुलींसाठी गणवेश शिवून हवे होते, त्याला डोबोक म्हणतात. बाहेरून मागवलेले सगळे ढगळ येतात, बाह्या हाताबाहेर जातात, अशी तिची तक्रार. मी नमुना हातात घेतला तर शिवण बरी, पण काखेत पट्टी नाही. हात वर केला की फाटणार हे आंधळ्यालाही कळावं. मी म्हटलं, हात कसा वर करतात तो मला बघू दे, त्याशिवाय माप देता येणार नाही. ती म्हणाली, "मंग या ना सकाळी जिनिंगच्या गोडाऊनमध्ये. बघूनच घ्या." शिकायला नाही गेले रे मी. काखेची पट्टी बघायला गेले.

ते गोडाऊन तुला आठवत असेल, आपले बापू जिथे कापसाची गाडी घेऊन रांगेत उभे राहायचे त्याच्या मागचं. कापसाचा हंगाम सरला की ते रिकामं असतं, आणि मालकांनी ते मुलींना सकाळच्या वेळेला वापरायला दिलंय. अजून कोपऱ्याकोपऱ्यात सरकी सापडते आणि पंखा लावला की वरून रुई भुरभुरत खाली येते. तिथे मी स्टुलावर बसून पोरींच्या काखा बघत होते, आणि शेवटी बघता बघता मलाच चैन पडेना. त्या पोरी पाय असा फेकत होत्या की माझे पाय आपोआप खालून हलायला लागले. घरी आल्यावर गणवेश कापायला घेतले आणि एक माझ्या मापाचा कापला. कुणाला सांगितलं नाही. रुपालीने गणवेश मोजले तेव्हा एक जास्त भरला. ती माझ्याकडे बघत राहिली, मी टेपकडे बघत राहिले. मग ती म्हणाली, "उद्या सहाले या मावशी. चहा पिऊन येऊ नोका, पोटात दुखते."

आणखी एक गंमत. रोज भाजी विकायला बसतात त्या तुळसाबाई. माझ्याकडे ब्लाउज टाकायला आल्या आणि त्यांनी तो पायजमा पाहिला. "हे कोनाचं वो बाई?" मी सांगितलं. म्हणाल्या, "मले बी शिवून दे तसाच. माह्या गुडघ्याले कोनी तरी वळन लावलं पायजे." आता आम्ही दोघी आणि वीसेक पोरी. शिस्त अशी की वरच्या पट्ट्याला वाकून नमस्कार करायचा, वय कितीही असो. तिसरीतल्या एका हिरव्या पट्टेवालीपुढे तुझी बहीण रोज सकाळी कमरेत वाकते. ती पोरगीही अगदी गंभीर चेहऱ्याने वाकते, आणि तास संपला की "मावशी, माझी चेन लावून द्या ना" म्हणत दप्तर पुढे करते.

तुला वाटत असेल, ही आता गुंडांना उडवून लावायचं स्वप्न बघते आहे. तसं काही नाही. रुपालीने पहिल्याच आठवड्यात बजावलं की कुणी पर्स ओढली तर पर्स सोडायची, ओरडायचं आणि उजेडाकडे पळायचं. मी म्हटलं, एवढंच शिकायला कोरियापर्यंत जायचं होतं का? ती हसली नाही. म्हणाली, "तुमी तवा सोडली होती का?" नव्हती सोडली, सुनील. आत होतं काय, तर बटणांची पुडी आणि इंदूबाईच्या परकराची लेस. त्यासाठी मी फरफटत गेले. हे मला रस्त्यावर कळलं नाही, गोडाऊनमधल्या सतरंजीवर कळलं. म्हणून आता आम्ही पर्स सोडायचा सराव करतो. तुळसाबाई ओढतात, मी सोडते, मग मी ओढते आणि त्या काही केल्या सोडत नाहीत. भाजीच्या गल्ल्याची सवय आहे, म्हणतात.

पायांच्या बाबतीत मात्र मी वर्गात पहिली आहे, हे ललिताला जोरात वाचून दाखव. तीस वर्षं पायमशीन मारली ती काही वाया गेली नाही. समोरची लाथ, तिला आप चागी म्हणतात, ती माझी पहिल्या दिवसापासून चांगली बसली. रुपालीने मांडी चाचपून पाहिली आणि पोरींना बोलावून दाखवली. उंच जात नाही, कमरेपर्यंतच जाते, पण जिथे जाते तिथे लागते. आकडेही पाठ झालेत, हाना, दुल, सेत, नेत. परवा कापड मोजताना तोंडातून तेच निघाले. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काय वो बाई, मंत्र मारून राह्यल्या का कापडावर?"

मला जमत नव्हतं ते ओरडणं. प्रत्येक लाथेबरोबर पोटातून आवाज काढायचा असतो, त्याला किहाप म्हणतात. पोरी अशा ओरडतात की पत्र्यावरची कबुतरं उडून जातात. तुळसाबाईंचं तर विचारूच नकोस, आयुष्यभर बाजारात भेंडी विकली, त्यांना कोण शिकवणार? आणि मी तोंड उघडायची तर आत हवाच नसायची. रुपाली म्हणाली लाज वाटते म्हणून होत असेल. मीही हो म्हटलं. लाज नव्हती ती. पण तेव्हा मलाही ते नीट सांगता आलं नसतं.

दोन महिने असेच गेले. मग एकदा पावसाची झड लागली होती, पोरी आल्याच नाहीत, आम्ही तिघीच होतो. तुळसाबाईंनी हातात गादीचा पॅड धरला होता आणि मी लाथा मारत होते, आणि एकदम निघाला आवाज. कुठून आला कळलं नाही. तुळसाबाई पॅडसकट मागे बसल्या आणि म्हणाल्या, "अवो बाई, इतकी जागा होती तुह्यात?" मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग आम्ही तिघींनी त्यांच्या थैलीतली काकडी खाल्ली. त्या दिवशी दुकान मी रात्री आठपर्यंत उघडं ठेवलं आणि बसस्टँडच्या रस्त्यानेच घरी आले. गाड्या मागून येत होत्या, जात होत्या. भीती वाटली का? वाटली. पण नालीच्या पलीकडे नाही गेले.

आता मुद्द्याचं. पोळ्यानंतरच्या रविवारी आमची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. तू टेम्पो घेऊन यायचं म्हणतोस तोच रविवार. रुपालीचा नियम असा की परीक्षेत शेवटी एक फळी फोडायची. बोटभर जाडीची लाकडी फळी, समोर एकाने दोन्ही हातांनी घट्ट धरायची आणि आपण लाथेने फोडायची. मागच्या आठवड्यात सराव केला. फळी तुळसाबाईंनी धरली होती. मी पाय उचलला, आणि ऐन वेळी त्यांना माझी काळजी वाटली. डोळे मिटून त्यांनी हात मागे घेतला. फळीला काही झालं नाही, माझा अंगठा मात्र वांग्याएवढा सुजला. चार दिवस मशीन मोटरवर चालवली. तुळसाबाई बर्फ घेऊन आल्या आणि मलाच रागावल्या, "तुले लागन म्हनूनच मागं घेतला ना मी!" रुपालीने आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं की मारणारीचं चुकलं नाही, धरणारीने हात मागे घेतला म्हणून लागलं. धरणारा उभा राहिला तर फळी फुटते आणि कुणालाच काही होत नाही.

ते ऐकलं आणि मला तू आठवलास. लहानपणी तांड्यावरून शाळेत येताना वाटेतल्या आंब्याखाली ते पिवळं कुत्रं बसलेलं असायचं, आठवतं? तू माझ्या ओढणीत तोंड खुपसायचास, आणि तू ओढलंस की माझाही तोल जायचा. मग एक दिवस मी तुला म्हटलं, लपू नकोस, माझ्या बाजूला उभा राहा. तू राहिलास. चड्डी ओली झाली होती, पण राहिलास, आणि कुत्रं उठून निघून गेलं. तांड्यावर तू सगळ्यांना सांगितलंस की तूच त्याला हाकललंस. मी कधी खोडून काढलं नाही.

आणि आता ते, जे आपण दोघांनी एकदाही बोलून दाखवलेलं नाही. त्या संध्याकाळी मी तुझ्याशीच फोनवर बोलत होते. तुझ्या घराच्या पडद्यांचं माप विचारत होते. मी किंचाळले ते तू ऐकलंस, आणि मग फोन बंद पडला, आणि कुणीतरी तुला कळवेपर्यंतचा वेळ तू पुण्यात कसा काढलास ते ललिताने मला सांगितलंय. तेव्हापासून रोज संध्याकाळी तुझा फोन येतो, दार लावलं का, घरी पोचली का. मी चिडायची. आता चिडत नाही. माझं मनगट जोडलं गेलं सुनील, पण तुझ्या कानात ती किंचाळी तशीच राहिली आहे, आणि टेम्पो त्या किंचाळीपायी येतो आहे. म्हणून हे पत्र लिहिलं. मी पुण्याला राहायला येणार नाही. दुकान इथे आहे, माझी माणसं इथे आहेत, आणि त्या किंचाळीत गेलेला माझा आवाजही मला इथेच सापडला आहे. पण राखीची ओवाळणी मी यंदा मागून घेणार आहे. रविवारी ये, टेम्पो न आणता बसने ये, गोडाऊनमध्ये माझ्यासमोर उभा राहा आणि फळी तू धर. डोळे मिटू नकोस, हात मागे घेऊ नकोस. मला तुला माझी दुसरी ओरड ऐकवायची आहे, अगदी जवळून.

तुझीच,
बाई