येतो म्हणाले होते मामंजी

सोमवार, ३
देवाच्या कृपेने सामान सुखरूप पोचलं. एक बशी फुटली, तीही आधीचीच चिरलेली. ह्यांच्या बदलीमुळे आता आम्ही मामंजींकडे. घर हवेशीर, न्हाणी ऐसपैस. युद्धात मालजहाजांच्या ताफ्याची राखण करणाऱ्या लढाऊ जहाजावर मामंजी इंजिनिअर होते. बाहेरच्या खोलीत काचेच्या चौकटीत त्यांची दोन शौर्यपदकं आहेत. रोज पुसत जाईन म्हटलं, तर नको म्हणाले आणि चौकटीकडे पाठ करून बसले. हे म्हणाले, म्हाताऱ्याला कौतुक पचत नाही.

गुरुवार, ६
मामंजींचा पायजमा सकाळी घोट्यापर्यंत ओला. वय झालं, असं ह्यांचं म्हणणं. पिळताना वास आला, खाऱ्या पाण्याचा आणि तेलाचा. समुद्र इथून दोन दिवसांच्या वाटेवर.

रविवार, ९
आज गुडघ्यापर्यंत. भर दुपारी न्हाणीच्या मोरीतून ठोके, लोखंडावर लोखंड. मोजले, सात. मामंजींनी घास खाली ठेवून सगळं सांगितलं. टॉर्पेडो लागला, इंजिनखोलीत पाणी शिरलं. सात जण खाली पंप चालवत राहिले, मामंजी शिडीने वर आले आणि पाणी वर चढू नये म्हणून त्यांनी झाकण आवळलं. जहाज वाचलं, ताफा वाचला, पदकं मिळाली. पण शिडी चढताना सवयीने तोंडातून गेलं, ‘येतो’. आपल्यात ‘जातो’ कुठे म्हणतात? मी म्हटलं, ते सातही आपल्याच भाषेचे ना, मग त्यांना कळू नये? मामंजी म्हणाले, बुडत्याला काडीचा आधार. त्यांना या शब्दाचा.

मंगळवार, ११
कमरेपर्यंत. मोरीत वाकून ठणकावलं, की मॅट्रिकला मला व्याकरणात पैकीच्या पैकी होते. ‘येतो’ म्हणजे निघतो. तुमच्या नावाने रोज दिवा लावीन, माणूस देणार नाही. मोरीवर दगड ठेवला, वर बसून जप केला. मामंजींना बजावलंय, कुणीही हाक मारो, ‘आलो’ म्हणायचं नाही. तेवढं म्हटलं की दिलेला शब्द पुरा.

बुधवार, १२
छातीपर्यंत. खालून हाक आली, ‘साहेब’. मामंजींनी तोंड उघडलं. मी त्यावर हात दाबून धरला. दात रुतले. काढला नाही हात.

गुरुवार, १३
हनुवटी—
कणीक मळत होते. मागून मामंजींच्या आवाजात ‘सूनबाई’— आणि माझ्या तोंडातून गेलं, ‘आले!’
धावत जाऊन पाहिलं. मामंजी खाटेवर गाढ झोपलेले. अंगावरचं सगळं कोरडं ठणठणीत.
माझी साडी ओली. घोटे— गुडघे—
बरं. गेला शब्द तो गेला. पण मामंजी तुम्हाला मिळाले नाहीत, हे आधी लिहून ठेवते.
दगड आपोआप सरकला. मोरी केवढी रुंद— आत शिडी—
ऐका रे सातही जण. रडगाणं बंद करा. मी झाकण लावणारी नव्हे, उघडणारी. एकेकाला दंडाला धरून वर—
कमर— पेन्सिल अजून चालते— देवा, पाठीशी राहा— पहिल्या पायरीवर कुणाचा तरी हा—