जेरिकोसाठी पुरलेला जोसेफ

बुधवार, ६ मार्च
राखेचा बुधवार. ईस्टरपर्यंत दोन गोष्टी सोडल्या: कॉफीतली साखर आणि तक्रार करणं. साखर तशीही महागली होती.
गसला चर्चपर्यंत जाववत नाही म्हणून फादर पॅव्हलिक राख घेऊन घरी आले. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असं म्हणून त्यांनी त्याच्या कपाळाला बोट लावलं. गस म्हणाला, आठवण कशाला करून देता फादर, मी आपल्या फोर्ज संघाचा अख्खा सीझन पाहिलाय. फादर हसले. कपाळावर राख असताना हसू नये.
ही तक्रार नाही, नोंद आहे.

गुरुवार, ७ मार्च
डॉक्टरांकडे. औषधाची आणखी एक फेरी देऊन बघू म्हणाले. गस म्हणाला, नको, पुरे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सचा बंद नीट केला.
घरी फोर्जचं पत्र आलेलं. स्टेडियममधल्या आमच्या दोन खुर्च्या पुढच्या सीझनला ठेवायच्या असतील तर ३० एप्रिलच्या आत फॉर्म भरा. तळ्याच्या बाजूच्या खुर्च्या, वाऱ्याने कान गळून पडतात, पण गसच्या वडिलांपासूनच्या. गसने फॉर्म टोस्टरमागे खोचला आणि म्हणाला, यंदा नको, बर्नी.
असं तो लग्नापासून कधी म्हणाला नव्हता. तेव्हाच मला आजार कळला. सोळा सामने, जिंकला एक. माणसाचं मन बसणारच. डॉक्टरांना फुटबॉलमधलं कळत नाही, त्यांना दोष देत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
रस्सा ढवळताना उपाय सुचला. एप्रिलमध्ये ड्राफ्ट आहे. कॉलेजातली पोरं संघांत वाटतात, आणि जो संघ सगळ्यात तळाला त्याचा हात पहिला. म्हणजे आमचा. यंदाचं सर्वांत चांगलं पोर जेरिको टॅलबर्ट. क्वार्टरबॅक. आमचा फुटबॉल हाताने खेळायचा: चेंडू आधी त्याच्या हातात येतो, मग तो ठरवणार कुणाला द्यायचा. घरात बाई असते तसं.
जेरिको आला की गस फॉर्म भरणार. फॉर्म भरला की सप्टेंबरात खुर्चीत बसायचं म्हणून औषध घेणार. माझं शिक्षण हायस्कूलपर्यंतच, पण घरखर्चाचा ताळा माझा आजवर चुकला नाही.
मला फुटबॉलमध्ये रस नाही. टॅलबर्टच्या दोनच मुलाखती पाहिल्या. तीन.

रविवार, १० मार्च
प्रार्थनेनंतर गससमोर विषय काढला. बायबलातली खूण दाखवली: नावच जेरिको, देवाने आणखी काय लिहून द्यायचं. गस म्हणाला, त्या जेरिको शहराच्या भिंती पडल्या होत्या, बाई. आपल्याला उभी भिंत पाहिजे.
मग समजावत बसला. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जाडजूड गडी त्याला सांभाळायला असतात, आणि आमचे पाच म्हणजे चाळणी. चाळणीत चांगलं दूध ओतलं म्हणून चाळणी सुधारत नाही. याआधीचा क्वार्टरबॅक खांदा मोडून गेला. त्याच्या आधीचा टोलेडोत गाड्या विकतो आणि जिना आडवा चढतो. आधी भिंत बांधा, पोर तीन वर्षांनी आणा.
मी म्हणाले, तीन वर्षं थांबायला वेळ कुणाला आहे.
गसने माझ्याकडे पाहिलं.
मी फोर्जबद्दल बोलत होते.

मंगळवार, १९ मार्च
संत जोसेफचा सण. नवस केला. घर विकायचं असलं की आमच्याकडे जोसेफची मूर्ती अंगणात पुरतात, डोकं खाली, पाय वर. अवघडून बसला की लवकर गिऱ्हाईक आणतो. घर विकलं की काढून, धुऊन मानाच्या जागी. मी विचार केला, ड्राफ्ट म्हणजे तरी काय, पोराला घर मिळवून देणंच.
सिंकच्या खिडकीतला जोसेफ घेतला. माती अजून गोठलेली. खुरपं वाकलं, बटाटे उकरायच्या चमच्याने खणलं. तोंड स्टेडियमकडे केलं. शेजारची डॉटी क्रूपा पडद्याआडून बघत होती. हात हलवला तर पडदा सोडला. तिचा स्वभाव.

शुक्रवार, २२ मार्च
चर्चच्या हॉलमध्ये मासे तळण्याचा शुक्रवार. गससाठी पाकीट आणायला गेले तर वाढणाऱ्या बाईने दुप्पट घातले आणि पैसे घेईना. रांगेतल्या लोकांनी वाट सोडली. मला रांगेत पुढे जायला आवडत नाही, पण मासे गार होतात.
संध्याकाळी डॉटी आली. नूडल्सचं भांडं, वर फॉइल, बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव. म्हणाली, भांडं परत करायची घाई नाही.
गसने एक घास खाल्ला.

शनिवार, ३० मार्च
आज आणखी तीन भांडी. बटाट्याचं, कोबीचं, परत नूडल्सचं. लोकांना यंदा उपवासकाळात दानधर्म सुचलाय, चांगली गोष्ट आहे. आठवड्याचं वाणसामान वाचलं. फॉइल धुऊन ठेवलं.
गसने फडताळ उघडलं, भांड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, वॉल्ट सोबोल्स्कीच्या वेळी अकरा झाली होती. वॉल्ट म्हणजे आमच्या गल्लीतला, दोन वर्षांपूर्वी गेला. गसला हल्ली कुठलीही गोष्ट कुठेही आठवते. झोप कमी होते.

मंगळवार, २ एप्रिल
पलंग वरून पुढच्या खोलीत आणला, खिडकीशी. तिथून टीव्ही सरळ दिसतो आणि ड्राफ्टला मान वळवावी लागणार नाही. हॉस्पिटलकडून मर्लीन नावाची बाई येऊ लागली आहे. नर्स आहे, पण बरं करण्याबद्दल काही बोलत नाही, नुसती उशा नीट करते. पहिल्या दिवशी म्हणाली, त्यांना जे हवं ते करू द्यायचं. मी म्हणाले, त्याला क्वार्टरबॅक हवाय. गस पलंगावरून म्हणाला, खोटं आहे, मला डाव्या बाजूचा टॅकल हवाय. भिंतीतला सगळ्यात मोठा दगड. मर्लीन म्हणाली, माझा नवरासुद्धा हेच म्हणतो.
मर्लीनकडून फार अपेक्षा ठेवायला नको.

मंगळवार, ९ एप्रिल
दारात कोट घातलेला माणूस. कार्ड दिलं. घर विकणार असाल तर योग्य वेळी, अगदी तुमच्या सवडीने, म्हणाला. असं घर कोण विकतंय म्हणून त्याला पायरीवरूनच वाटेला लावलं आणि थेट डॉटीकडे गेले.
डॉटी म्हणाली, अगं, सगळ्या गल्लीने बघितलं तू काय पुरलंस. जोसेफ उलटा गेला म्हणजे घर विकायला निघालं. आम्हाला वाटलं, तू मनाची तयारी केलीस. निदान आता तरी केलीस.
मी म्हणाले, कसली तयारी. तो क्वार्टरबॅकसाठी आहे.
डॉटीने हातातला बटाटा खाली ठेवला. मग तिने माझा हात धरला. तिचे बटाटे सोलायचे राहिलेले, म्हणून मी हात सोडवून सोलून दिले. जाड साल काढते ती, अर्धा बटाटा जातो.
ही नोंद आहे.

शुक्रवार, १९ एप्रिल
गुड फ्रायडे. दुपारी घरात कुणी बोलायचं नाही असा नियम. गसनेच मोडला. म्हणाला, बर्नी, ते पोर एकवीस वर्षांचं आहे. पोलादाच्या कारखान्यात आमच्याकडे त्या वयाची पोरं यायची, फोरमन त्यांना पहिल्या दिवशी भट्टीच्या तोंडाशी उभं करायचा, कारण जुने कुणी उभे राहत नव्हते. तू कशासाठी मागतेस त्याला?
तुझ्यासाठी, म्हणाले.
तो म्हणाला, माझ्यासाठी कुणाच्या पोराची हाडं नको मोडूस.
मी जपमाळ घेऊन स्वयंपाकघरात गेले. मागितलं ते मागितलंच. थोडी घासाघीस केली: पोराला लागू नये, आणि गसही बरा व्हावा. दोन्ही जमत असेल तर.

रविवार, २१ एप्रिल
ईस्टर. टोपली चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतला: अंडी, सॉसेज, लोण्याचं कोकरू. गसने कोकराचा एक कान खाल्ला. चवीने खाल्ला. तब्येत सुधारते आहे.
कॉफीत साखर घालायला आजपासून मोकळी. घातली नाही. नवस फिटेपर्यंत थांबते.

गुरुवार, २५ एप्रिल
ड्राफ्ट. आठ वाजता टीव्ही. डॉटी आली, मर्लीन तिची वेळ संपूनही थांबली. स्टेजवरच्या माणसाने पाकीट उघडलं: फोर्ज, जेरिको टॅलबर्ट.
डॉटी माझ्या गळ्यात पडली. मी जोसेफचे आभार मानले, तोंड अंगणाकडे करून.
टीव्हीवर पोराने फोर्जची टोपी घातली. टोपी मोठी होती. शेजारी त्याची आई रडत होती, आनंदाने असावी. गस तिच्याचकडे बघत होता. म्हणाला, तिला ठाऊक आहे. मग म्हणाला, आवाज कमी करा.
टोस्टरमागून फॉर्म आणला, पेन आणलं. म्हणाले, घे, आला तुझा. गस म्हणाला, बस इथे जरा. बसले. त्याने पेन घेतलं, टोपण लावलं आणि माझ्या ॲप्रनच्या खिशात ठेवलं.
दमला असेल. पाच दिवस आहेत अजून.

रविवार, २८ एप्रिल
गस दिवसभर झोपून. मर्लीनने तोंडाला ओला बोळा लावायला शिकवलं. सोपं आहे.
भांडी नऊ झाली.

मंगळवार, ३० एप्रिल
शेवटची तारीख. सकाळी फॉर्म मीच भरला. दोन खुर्च्या. सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली, सही त्याची लागते.
तो जागा होईपर्यंत बसून काय करायचं, म्हणून नवस फेडायला अंगणात गेले. जेरिकोला घर मिळालं, जोसेफला बाहेर काढायला हवं. माती आता मऊ. पाय दिसायला लागले तेवढ्यात खिडकी वर गेली. मर्लीनने उघडलेली. तिच्या मागून गस बोलला. आवाज इतका बारीक की डॉटीच्या कुत्र्याला गप्प करून ऐकावं लागलं.
म्हणाला, राहू दे त्याला.
मी म्हणाले, त्याचं काम झालं.
तो म्हणाला, एक झालं. हा जिना, तो बर्फ, तळघरातला बॉयलर, तुझ्या एकटीने व्हायचं नाही. त्याचं दुसरं काम, घराचं, लागेल तुला. राहू दे.
मी हाताने माती परत लोटली. वरून थोपटली. घरात येऊन फॉर्म टोस्टरमागे ठेवला.
ईस्टर होऊन गेला. ही नोंद नाही, तक्रार आहे.