उत्तरेकडचा ठिपका

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, व्यवसाय रोपवाटिका, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने व माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझी स्मरणशक्ती उत्तम असल्याचे त्यांनी त्यात लिहिले आहे. ती थोडी कमी असती तरी माझी तक्रार नव्हती. याआधीच्या मृत्युपत्रात सर्व काही धाकट्या बहिणीच्या नावे होते, ते रद्द समजावे. ती सात महिन्यांपूर्वी वारली.

१. राहते घर, दोन खोल्या व ओटा, भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला द्यावे. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी वर उचलून ओढल्याशिवाय बसत नाही, हे तिला सांगावे.

२. रोपवाटिकेची जमीन, पत्र्याची खोली, छाटणीच्या कात्र्या आणि कलमाचे दोन्ही चाकू माळ्याला द्यावेत. तो बावीस वर्षे माझ्याकडे आहे आणि बावीस वर्षे मला सांगत आला आहे, "बाई, राग पाण्यासारखा रोज घालू नका, मुळं कुजतात." मी ऐकले नाही. चाकूंना दर आठवड्याला धार लावावी.

३. आम्हा दोघींचा एकच जुना फोटो आहे, तो भाचीला द्यावा. शाळेतून येतानाचा आहे. धाकटीला ऊन सोसायचे नाही, डोके दुखायचे. मी अंगाने रुंद. ती माझ्या सावलीत पाऊल टाकत चालायची आणि वर मलाच दटावायची, "ताई, सरळ चाल ना, ऊन लागतंय मला!" ती हुशार आणि मी कष्टाळू, अशी वाटणी घरात तेव्हाच होऊन गेली होती. मला कोणी विचारले नव्हते.

४. फळीवर धाकटीच्या बागा आखणाऱ्या स्टुडिओची छापील पुस्तिका आहे, 'गेल्या दहा वर्षांतील कामे'. ती कोणाला द्यावी हे मला ठरवता आलेले नाही. पान चारवर खडीची खाण आहे. डोंगर पोखरून उरलेल्या खड्ड्यात तिने पायऱ्या, तळे आणि दोनशे वीस झाडे बसवली. त्याला मोठा पुरस्कार मिळाला. पान नऊवर बंद पडलेला मालधक्का आहे, तिथे आता लोक सकाळी चालायला जातात. पान चौदावर ग्रंथालयाचे अंगण. यांतले प्रत्येक झाड माझ्या वाफ्यात सहा-सात वर्षे वाढले आहे. पुस्तिकेत धाकटीचे फोटो सात आहेत. माझा उल्लेख शेवटच्या पानावर, विटा पुरवणाऱ्याच्या खाली आहे.

पुरस्कार मिळाला त्या दिवशी ती सरळ रोपवाटिकेत आली. "ताई, अगं चल ना एकदा बघायला! काय सुंदर लागलीत झाडं!"

मी म्हटले, "झाडं मी पाहिलीत. तुझ्या आधीपासून."

ती हसली. माझ्या बोलण्याचा तिला कधी राग येत नसे, आणि मला त्याचाही राग यायचा. खाण पाहायला मी गेले नाही.

५. मागच्या रांगेत चाळीस झाडे आहेत. त्यांच्याबद्दल मी खोटे बोलले, ते इथे लिहून ठेवते. धाकटीचा शेवटचा आराखडा रुग्णालयाच्या आवाराचा होता. नातेवाइकांना आत सोडत नाहीत तेव्हा त्यांनी बसायचे कुठे, म्हणून ही बाग. तोवर ती आजारी पडली होती आणि लागवड डोळ्यांनी पाहायची म्हणत होती. मोठे झाड हलवायचे तर वर्षभर आधी भोवतीची मुळे छाटून उरलेल्या मुळांचा मातीसकट गोळा बांधावा लागतो. तिने तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी सांगितले, "मुळं छाटलेली नाहीत. यंदा हलवलीस तर मरतील." गोळे बांधून तयार होते. एकदा तरी तिने माझ्यासाठी थांबावे, एवढेच मला हवे होते. पुढच्या हंगामापर्यंत ती राहिली नाही.

६. ती गेल्यावर भाचीने मला स्टुडिओत बोलावले. टेबलावर तो आराखडा पसरला होता. "मावशी, झाडांचं काय करायचं?" मी नाही म्हणायच्या तयारीनेच गेले होते.

आराखड्यात झाड म्हणजे एक गोल. प्रत्येक गोलात वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, एक ठिपका होता. माझ्या रोपवाटिकेत प्रत्येक खोडाला मी उत्तरेच्या बाजूने पांढरा ठिपका देते. वाढताना जी बाजू उत्तरेला होती, ती नव्या जागीही उत्तरेलाच ठेवावी, नाहीतर साल उन्हाने भाजते. ही पद्धत माझी आहे.

"हा ठिपका कसला?" मी विचारले.

"ती तर आपल्या स्टुडिओची खूण! आई पहिल्यापासून काढायची, म्हणून आम्ही सगळेच काढतो. परीक्षकांनी खास कौतुक केलं होतं त्याचं."

मी पाणी मागितले. तिने माझा ठिपकाही नेला होता.

मग आराखड्याशेजारची यादी वाचली. चाळीसही झाडांची उंची आणि खोडाचा घेर अगदी बरोबर लिहिला होता. मी तर तिला मापे दिली नव्हती. संध्याकाळी माळ्याला विचारले. तो खाली बघत म्हणाला, "धाकट्या बाई दोनदा येऊन गेल्या, तुम्ही बाजारात होता तेव्हा. बांधलेले गोळे पण हात लावून पाहिले. म्हणाल्या, ताईला सांगू नका." लागवडीच्या तारखेच्या रकान्यात चाळीस झाडांना मिळून एकच शेरा होता, 'ताई देईल तेव्हा.'

दुसऱ्या दिवशी मी खाणीत गेले. एकेक खोड पाहायला तीन तास लागले. रंग बराच उडाला आहे, पण जिथे ठिपका दिसला तिथे तो उत्तरेलाच होता. एखादे तरी झाड चुकीचे लावलेले सापडावे, अशी माझी फार इच्छा होती. सापडले नाही.

७. चाळीस झाडे रुग्णालयाला द्यावीत. माझ्या मरणाची वाट पाहू नये, येत्या हंगामातच न्यावीत. असले कलम मृत्युपत्रात बसत नाही, असे वकील म्हणाले. तरी राहू द्यावे. बागेत माझे नाव कुठेही लावू नये, विटा पुरवणाऱ्याच्या खाली तर मुळीच नाही.

८. बागेच्या मधल्या बाकाजवळ भाची त्यांतले एक झाड आईच्या नावाने लावणार आहे. माझ्या खिडकीसमोर एक्केचाळिसावे झाड आहे. ते मी कधी विकायला काढले नाही आणि ते त्या चाळीसांपेक्षा उंच आहे. मी गेल्यावर माळ्याने ते धाकटीच्या झाडाच्या दक्षिणेला, सहा पावलांवर लावावे. ठिपका मी दिलेला आहे.

हे ऐकून भाची म्हणाली, "अगं मावशी, मग दुपारभर तुझी सावली आईच्या झाडावर पडेल. ते बुटकं राहील."

पडू द्यावी. तिला ऊन सोसत नव्हते. आणि राहिले बुटके, तर राहू द्यावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी भाचीने करावी. माळ्याला यात लाभ असल्यामुळे त्याला साक्षीदार केलेले नाही. तो बाहेर पाणी घालतो आहे. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार पहिले: दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसऱ्या: ग्रंथपाल बाई, ज्यांच्या अंगणातली झाडे माझी आहेत (सही)

स्थळ: रोपवाटिका, पत्र्याची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी

लिहून देणार: धाकटीची ताई (सही)