बर्फाचं गटार

प्रिय शुंगो,

कोबी आणि हेरिंग माशाचं लोणचं यंदा जरा लवकरच घातलं. पिंपावर दगड ठेवताना माझ्या कमरेने कुरकुर केली, ती बहुधा शेजारच्या कुदोबाईंना ऐकू गेली, कारण त्यांनी लगेच नवऱ्याला मदतीला पाठवलं. तो पोचेपर्यंत दगड ठेवून झाला होता. मग चहा पिऊन गेला. तुमच्या फुकुओकात म्हणे अजून लोक अर्ध्या बाह्यांत फिरतात. इथे डोंगराचा माथा पांढरा झालाय.

आपला रस्ता पुढच्या उन्हाळ्यात उखडून नवा करणार आहेत. त्यासाठी साप्पोरोहून अकात्सुका नावाची इंजिनिअर आली होती. तुझ्याच वयाची, बूट मात्र नवेकोरे. सभेत तिने नकाशा पसरून सांगितलं, की पदपथाखालचं बर्फाचं गटार बुजवून टाकू आणि पावसाचं, वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्याकडेच्या झाडांच्या वाफ्यांत मुरवू. म्हणजे पाळीपाळीने झाकणं उघडून दारातला बर्फ खालच्या वाहत्या पाण्यात ढकलणं नको आणि कुणी आत पडायची भीती नको. हे शेवटचं ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तुझे बाबा त्याच गटारात गेले, हे तिला कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असणार.

कचरा कुठल्या वारी टाकायचा यावर तासभर भांडणारी आपली गल्ली, पण त्या दिवशी कुणी खोकलंसुद्धा नाही. मी बोलल्याशिवाय कुणी तोंड उघडणार नव्हतं. बाबांना बाहेर काढायला कुदो होता ना, तो तर मान वर करेना.

वाफे वाईट नाहीत रे. उन्हाळ्यातल्या सरी ते सहज पिऊन टाकतात. पण मागच्या गल्लीत तेच केलंय, आणि मार्चमध्ये काय झालं ते मी पाहिलंय. वरचा बर्फ वितळत होता आणि वाफ्यातली माती खालून दगडासारखी गोठलेली. पाणी जाणार कुठे? रस्त्यावर साचलं आणि तिथेच पुन्हा गोठलं. नोनोमुराआजी स्वतःच्या दारात घसरल्या, खुबा मोडला. त्या अजून हॉस्पिटलात आहेत आणि आता घरी येतील असं मला वाटत नाही. आपल्या गल्लीत तर सगळेच त्यांच्या वयाचे.

सभेत बसल्या बसल्या मला ती सकाळ दिसत होती. गटार तुंबलं होतं, खालच्या घरांत पाणी शिरेल म्हणून बाबा फावडं आणि बांबू घेऊन गेले. मी खिडकीतून पाहिलं, तर फावडं बर्फात उभं होतं आणि माणूस नव्हता. त्या गटाराचा मला तुझ्याइतकाच राग आहे.

मग मी म्हटलं, "गटार राहू द्या. पण प्रत्येक झाकणाखाली लोखंडी जाळी हवी, माणूस जाणार नाही अशी." अकात्सुका म्हणाली, की मग बर्फ बारीक फोडून टाकावा लागेल, म्हाताऱ्या माणसांना ते जड जाईल. तेव्हा कुदोने मान वर केली. म्हणाला, "फोडू की. सकाळी दुसरा धंदा काय आहे आम्हाला?" आणि तसंच ठरलं. घरी येताना मला रडू आवरलं नाही.

बाबांच्या अंत्यविधीनंतर तू म्हणाला होतास, हे गटार बुजवत नाहीत तोवर मी या दारात पाऊल ठेवणार नाही. तू शब्द पाळलास. त्या सभेत मी नुसतं "बुजवा" म्हटलं असतं तरी सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि तू घरी आला असतास. मला ते ठाऊक होतं, तरी मी तसं म्हटलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून हे पत्र. रागाव, पण आईला मी नकोसा झालो असं मनात आणू नकोस. फेब्रुवारीत बाबांचा स्मरणविधी आहे. तू येणार नाहीस असं धरूनच मी देवळात ताटं सांगितली आहेत. एक ताट कमी पडलं, तर मला फार बरं वाटेल.

रागावलास तरी तुझीच,
आई